वाऱ्याचा पाय

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज असायचा तो तेजीच्या नखांचा. ओसरीला शहाबादी फरशी होती आणि तेजीला दिसत नव्हतं, त्यामुळं ती भिंतीला अंग घासत, एकेक पाय चाचपत यायची. टक्, टक्, मग जरा थांबायची, मग पुन्हा टक्. तो आवाज, आईनं भाकरी थापल्याचा आवाज आणि चुलीचा धूर, एवढ्यावर मी डोळे न उघडता ओळखायची की उजाडलं. तेजी ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, शिकारी कुत्री. हल्ली असल्या कुत्र्यांना ग्रेहाऊंड म्हणतात आणि फार्महाऊसवाले त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. अण्णा त्यांना कारवानी म्हणायचे. गावातले लोक नुसतं 'दादारावची वाळकी कुत्री' म्हणायचे, कारण त्यांच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या आणि बघणाऱ्याला वाटायचं, ह्या लोकांनी मुक्या जिवाला उपाशी ठेवलंय. उपाशी कसली, माझ्या वाटणीचं दूध त्यांनी प्यायलंय, आणि मी ते आईच्या चोरून पाजलंय.

त्या उन्हाळ्यात तेजी बारा-तेरा वर्षांची असेल. असली कुत्री एवढी जगत नाहीत. तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता, वरचे दात पडून गेले होते आणि खालचे चार राहिले होते, तेही हलायचे. अंगावर मांस नावाला नाही, त्यामुळं फरशीवर बसून बसून तिच्या कोपरांना घट्टे पडायचे आणि मग ते चिघळायचे. मी पोत्यात जुना कापूस भरून तिला गादी करून दिली होती. रोज सकाळी कोमट पाण्यानं ते घट्टे पुसायचे, तिळाचं तेल लावायचं, मग शेळीच्या दुधात बाजरीची भाकर अगदी लगदा होईपर्यंत कुस्करायची. थाळी फरशीवर दोनदा वाजवली की तिला कळायचं कुठं यायचं ते. थंडीत तिला अण्णांचा जुना स्वेटर घालायचो, बाह्यांतून पाय काढून. गादीतच तिची लघवी व्हायची आणि तिला ते कळायचंही नाही. आई धुता धुता पुटपुटायची, पण धुवायची तीच. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, निकाल लागायचा होता, त्यामुळं कुत्र्यांचं सगळं माझ्याकडं आलं होतं. मला ते आवडायचं. घरातलं दुसरं कुठलंच काम मला कुणी इतक्या विश्वासानं दिलं नव्हतं.

वाऱ्या हा तेजीच्या शेवटच्या वेतातला. चार वर्षांचा, राखाडी, छातीवर पांढरा पट्टा. आंधळी झाल्यावरही तेजी त्याला लहान पिल्लूच समजायची. तो आला की वासानं हुडकून त्याचे कान चाटायची, त्याला कुठं ओरखडा आलेला असला की तोही चाटून साफ करायची, आणि एवढा मोठा गडी मान खाली घालून उभा राहायचा. आमची जमीन अंबडच्या खालच्या अंगाला, काळीभोर. पाऊस पडला की पाय उचलत नाही, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या त्या वावरात एक ससा उठला आणि वाऱ्या सुटला. अण्णा सांगायचे, तो पळताना बघायला फार सुख वाटायचं, आणि त्याच सुखात ते त्याला हाक मारायचं विसरले. त्याचा मागचा पाय भेगेत गेला आणि बाकीचं अंग पुढं गेलं. अण्णांनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणला तेव्हा त्यांचा सदरा मागून लाळेनं आणि घामानं चिकटला होता. वाऱ्या ओरडत नव्हता. ही कुत्री ओरडत नाहीत फारशी, नुसती थरथरतात.

अंबडला जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथं गाई-म्हशी यायच्या, कुत्रं घेऊन आलेले आम्हीच. डॉक्टर भले होते, हसले नाहीत. पाय चाचपून म्हणाले, घोट्याचं हाड सरकलंय, चीरही असेल. बांबूच्या कामट्या लावून पाय बांधून दिला आणि सांगितलं, महिनाभर टेकू द्यायचा नाही. मग माझी खरी नोकरी सुरू झाली. पोटाखालून टॉवेल घालून त्याचं मागचं अंग उचलायचं, अंगणात न्यायचं, लघवी होईपर्यंत तसंच धरून उभं राहायचं, परत आणायचं. दिवसातून सहा वेळा. मी पुढं तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, कितीतरी माणसं अशीच उचलली. लोकांना वाटतं ह्या कुत्र्यांमुळं मी नर्स झाले. तसलं काही नाही, नर्सिंगच्या यादीत नाव आलं म्हणून गेले. पण एवढं खरं, की कुणाचं ओझं कंबरेला धक्का न लागता कसं पेलायचं, हे मला कुठल्या सिस्टरनं नाही, वाऱ्यानं शिकवलं.

तीन आठवडे झाले तरी सूज उतरेना. कामट्या काढल्यावर पाय लाल आणि गरम लागायचा. अण्णांचा धीर सुटत चालला. आता अण्णांबद्दल एक सांगायला पाहिजे. आमच्या भागात बैल लंगडायला लागला, खांद्यातून उतरला, की लोक त्याला अण्णांकडं आणायचे, पार घनसावंगीकडून आणायचे. अण्णा डाग द्यायचे. लोखंडी सळई गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून सांध्याभोवती रेघा ओढायच्या, की आतलं दुखणं बाहेर निघतं, अशी समजूत. रविवारी सकाळी आमच्या अंगणात दोन-तीन बैल असायचेच. त्यांना पाडायचे, पाय बांधायचे, मग तो चर्र आवाज आणि जळल्या केसांचा वास. मी त्या वेळी मागच्या परसात जाऊन बसायची. पुष्कळ बैल त्यानंतर चालायचेही. डागामुळं चालायचे की डागानंतर महिनाभर कुणी जुंपत नव्हतं म्हणून, हा प्रश्न मला नर्सिंगला गेल्यावर पडला. तोवर अण्णांच्या हाताला गुण आहे यावर माझाही विश्वास होता. फक्त तो हात वाऱ्याच्या पायाजवळ यावा हे मला सहन होत नव्हतं.

"येत्या ऐतवारी डाग देऊ याला," अण्णा जेवताना म्हणाले.

"डॉक्टर तर महिना म्हणले व्हते ना अण्णा," मी म्हणाले. "अजून आठ दिवस बाकी हायेत."

"डॉक्टरनं काय याला आयुष्यभर उचलून न्यायचंय का? तू तरी कुठवर उचलशील? पाय आखडून राह्यला त्याचा. एकदा आखडला की गेला मंग, बिलकुल गेला."

आई म्हणाली, "अवं, बैलाची कातडी येगळी. याच्या अंगावर हाय काय? फुकला तर उडंल."

अण्णा पाणी प्यायले आणि उठले. ते चिडून उठले नव्हते, हे आता मला कळतं. त्यांनाही ते करायचं नव्हतं. पण जे आपल्याला येतं ते आपल्याच कुत्र्यासाठी करायचं नाही, तर मग येतं कशाला, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार.

बुधवारी अण्णा तहसीलच्या कामाला अंबडला गेले आणि आई नदीवर धुणं घेऊन गेली. मला वाटलं, रविवारच्या आत सूज उतरली तर डाग टळेल. सूज उतरवायला आमच्या घरात एकच जालीम औषध होतं, बिब्बा. आईच्या टाचा फुटायच्या तेव्हा ती बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायची, त्यातून काळं तेल सुटलं की ते भेगांत भरायची. पाय मुरगळला, कमरेत भरलं, काटा रुतला, सगळ्याला बिब्बा. अण्णांची सळई आणि आईचा बिब्बा, यांत बिब्बा कितीतरी मवाळ, असं मी धरून चालले. त्यामागं एवढाच विचार होता, दुसरा नव्हता. मी डब्यातून दोन बिब्बे घेतले, तापवले आणि वाऱ्याच्या घोट्याभोवती ठिपके दिले, आईसारखे मोजके नाही, चांगले दाट. तो थरथरला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, पण पाय ओढून घेतला नाही. वरून हळदीचा लेप दिला, म्हणजे काळं दिसू नये, आणि फडकं गुंडाळलं.

बिब्बा पोटात जाता कामा नये हे मला माहीत होतं. म्हणून मी एक हुशारी केली. जुन्या टोपलीचं बूड कापून काढलं आणि तिचं कडं वाऱ्याच्या गळ्यात अडकवलं. त्याला मान वळवता येईना, पायापर्यंत तोंड पोचेना. संध्याकाळी अण्णांनी ते बघितलं आणि चक्क हसले. "फडकं फाडू नये म्हणून घातलं," मी म्हणाले. "बराबर केलं," ते म्हणाले, "डोकं हाय पोरीला." मी त्या शाबासकीवर दोन घास जास्त जेवले. आजकाल कुत्र्यांच्या गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं नरसाळं दुकानात मिळतं. जालन्यात पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी दुकानदारासमोरच खाली बसले. त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

गुरुवारी तेजी जेवली नाही. थाळी वाजवली तशी आली, दुधाला तोंड लावलं आणि मागं सरली. म्हाताऱ्या कुत्र्याचं असं होतंच, एक दिवस खायचं, एक दिवस नाही. दुपारपर्यंत तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. आई म्हणाली, राहिलेले दात दुखत असतील. शुक्रवारी सकाळी तिचं नाक आणि ओठ सुजून थोराड झाले होते, गादी लाळेनं भिजली होती. मी पाण्याचं भांडं पुढं केलं. तिनं जीभ लावली, अंगात काही शिरल्यासारखी झटक्यानं मान काढून घेतली आणि भांडं उलटं झालं. तिला तहान लागलेली दिसत होती, ती परत परत वासानं पाण्याकडं यायची आणि परत परत मागं सरायची. मग ती भिंतीच्या कडेनं चाचपत वाऱ्यापाशी गेली, खाली बसली आणि सवयीनं त्याच्या पायाला तोंड लावलं. फडकं खाली सरकलेलं होतं. हळदीचा लेप साफ झाला होता. खाली ठिपक्यांच्या जागी टरारून फोड आले होते आणि ते ओले होते.

मला त्या क्षणी सगळं कळलं. मी वाऱ्याचं तोंड बंद केलं होतं, त्याच्या आईचं नाही. दोन दिवस ती आंधळी बाई लेकराचं दुखणं चाटून काढत होती आणि ते दुखणं मी लावलेलं होतं. मी तिला ओढून बाजूला केलं, पाय धुतला, नवं फडकं बांधलं. माझ्याही बोटांवर बिब्बा उतला होता, दोन बोटांना फोड होते, ते मी कालपासून ओढणीत लपवत होते. अण्णा अंगणात खुरप्याला धार लावत बसले होते, दहा पावलांवर. सांगायचं एवढंच होतं, अण्णा, बिब्बा लागला तिला. मी सांगितलं नाही. माझा हिशेब असा, की तेजीचं तोंड दोन-चार दिवसांत आपोआप बरं होईल, आईच्या टाचा होतात तसं. आणि सांगितलं तर अण्णा त्याच दिवशी सळई काढतील. अण्णा मारतील ही भीती नव्हती, त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. डोकं हाय पोरीला, हे त्यांनी परत घेऊ नये असंही वाटत होतं. खरं सांगायचं तर तेच जास्त वाटत होतं.

दहाच्या सुमाराला शेजारचे विठ्ठलतात्या विळा मागायला आले. तेजी दाराशीच पडली होती. तात्यांचा पाय तिच्या तोंडाला लागला आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा माणसावर दात काढले. चार दात, तेही हलणारे, नुसतं धोतर धरलं. तात्या उडी मारून मागं सरले आणि त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. लाळ, सुजलेलं तोंड, पांढरे डोळे. मागच्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं चावून त्यांची म्हैस गेली होती, दावं तोडून हंबरत गेली होती, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"दादाराव, ही पिसाळली," तात्या म्हणाले.

"न्हाई हो तात्या. दात दुखून राह्यलेत तिचे."

"मंग पानी दाखव तिला. माझ्यासमोर दाखव."

अण्णांनी भांडं ठेवलं. तेजी वासानं पाण्याजवळ आली, तोंड बुडवलं आणि अंग आखडून मागं फेकली गेली. आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा भांड्यातल्या पाण्याकडं बघत मला म्हणाले, "शके, तू आत जा. तिला हात लावू नको." मी आत गेले. तिथं दाराआड उभी राहून मी मनात म्हणत होते, आत्ता सांगते, आत्ता सांगते. इतका वेळ न सांगितल्यामुळं आता सांगणं जास्त अवघड झालं होतं.

अण्णांनी तेजीला दोरी लावली. दुसऱ्या हातात कुऱ्हाड होती. तिला कित्येक महिन्यांत कुणी वावराकडं नेलं नव्हतं. दोरी गळ्यात पडल्याचं कळलं तशी ती उठली, शेपूट हलवली आणि अण्णांच्या पायाला पाय लावून, सुजल्या तोंडानं, तुरुतुरु निघाली. नख्यांचा आवाज ओसरीवर आला, पायरीवर आला, आणि अंगणाच्या मातीत गेल्यावर बंद झाला. तात्या खोरं घेऊन मागून गेले. मी दारातून सगळं बघितलं. मला पाय होते, तोंड होतं, आणि अंगणाचं फाटक ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला, कारण तेजी सावकाश चालायची.

अण्णा एकटेच परत आले. सदरा काढून हातात धरला होता. हात-पाय धुतले, परत धुतले, आणि ओसरीवर येऊन वाऱ्याच्या गळ्यातलं टोपलीचं कडं सोडवायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दोरी परत आलीये.

"अण्णा, याला कुठं?"

"याच्या पायाची जखम ती चाटत व्हती ना रोज," ते म्हणाले. "आता यालाबी ठेवता येत न्हाई, बाई. घरात तू हाय, आई हाय."

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि फोड आलेली बोटं त्यांच्यासमोर धरली. "बिब्बा हाय तो अण्णा. डाग देऊ नये तुम्ही, म्हणून म्या लावला याच्या पायाला. तिनं चाटला. पिसाळलेली न्हवती ती."

त्यांनी माझी बोटं बघितली. वाऱ्याचं फडकं सोडून पाय बघितला. आई आत चुलीपाशी होती, तिनं ऐकलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही, तिनं कधी विषय काढला नाही. अण्णा खाली बसले, भिंतीला टेकून, तेजी बसायची त्या बाजूला.

"सकाळी काहून न्हाई बोलली?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलू शकले नाही. माझी साठी उलटली, आणि उत्तर अजून तेवढंच आहे. मी रडायलाही लागले नाही. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले असते.

मग ते उठले आणि तेजीला नेलं होतं त्या ओढ्याकडं निघाले. मी मागोमाग गेले, त्यांनी अडवलं नाही. तात्या खड्डा खणून बाभळीच्या सावलीला बसले होते, दुसऱ्या कुत्र्याची वाट बघत. तेजीवर अण्णांचा पंचा टाकलेला होता. अण्णांनी तो तोंडापुरता बाजूला केला, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडला. आत जीभ, टाळू, हिरड्या, सगळीकडं फोड होते, काही फुटून साल निघालेली. भरउन्हात ते इतकं स्वच्छ दिसत होतं की माझ्यासारख्या पोरीलाही कळलं असतं. शेकडो जनावरांची तोंडं बघितलेला माणूस. सकाळी त्यांनी तिच्या तोंडात बघितलं नव्हतं. पाणी दाखवलं आणि ते भ्याले.

"तात्या, ही पिसाळलेली न्हवती," अण्णा म्हणाले. "तोंड पोळलंय हिचं."

तात्या जवळ आले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "कशानं पोळलं?"

मी अण्णांच्या मागं उभी होते. आता ते माझं नाव घेतील म्हणून मी मान खाली घातली.

"हिच्या पोराच्या पायाला औषध लावलं व्हतं म्या," अण्णा म्हणाले. "जहाल झालं. ते चाटलं हिनं. आन् म्या तोंड उघडून बघितलं न्हाई. माझी चूक."

वाऱ्याला त्यांनी डाग दिला नाही. पुढं कुठल्या बैलालाही दिला नाही, लोक येऊन माघारी जायचे. वाऱ्याचा पाय वाकडाच जुळला, तो तीन पायांवर सहा वर्षं जगला, आणि त्याचं सगळं अण्णांनी केलं. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण डाग देणं का सोडलं असं कुणीही विचारलं की ते तीच गोष्ट सांगायचे, त्याच शब्दांत, औषध म्या लावलं, तोंड म्या बघितलं न्हाई. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, तेव्हाही ओसरीवर बसून त्यांनी ती सगळी सांगितली. मी चहा घेऊन आले होते. ते सांगत असताना मी एकेक कप सगळ्यांपुढं ठेवला, त्यांच्यापुढंही ठेवला, आणि आत निघून गेले.